अहवालाआधी कंत्राट वाचा : अमेरिकेतल्या निवडणूक कार्यालयांचं खासगी ऑडिट

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरातल्या एका जुन्या क्रीडागृहात मतपत्रिका पुन्हा हातानं मोजायची तयारी चालू होती. निवडणूक होऊन पाच महिने उलटले होते, नवे राष्ट्राध्यक्ष जो बायडन शपथ घेऊन कामालाही लागले होते. मोजणीच्या टेबलांवर निळ्या शाईची पेनं ठेवलेली एका पत्रकार बाईंच्या लक्षात आली. तिथे मतदार उमेदवाराच्या नावासमोरचा छोटा लंबगोल पेनानं भरतो आणि स्कॅनर तो वाचतो. स्कॅनरला काळी शाई दिसते, तशी निळीही दिसते. मोजणाऱ्याच्या हातात निळं पेन असलं तर हात घसरून पडलेल्या एका रेघेनं नवं मत तयार होऊ शकतं किंवा असलेलं मत बाद होऊ शकतं. म्हणून मोजणीच्या खोलीत काळं-निळं पेन न्यायचं नाही, लाल न्यायचं, हे निवडणूक कार्यालयात नव्यानं लागलेल्या माणसालाही सांगितलं जातं. इथे २१ लाख मतपत्रिका हाताळायला निघालेल्या कंपनीला ते बाहेरच्या बाईंनी विचारल्यावर कळलं. मग पेनं बदलली गेली.

सायबर निंजाज हे त्या कंपनीचं नाव. धंदा संगणक-सुरक्षेचा, मुक्काम फ्लोरिडात, निवडणुकीच्या ऑडिटचा अनुभव शून्य. अशा कंपनीला हे काम मिळालं कसं, आणि मुळात निवडणूक कार्यालयाचं ऑडिट बाहेरच्या खासगी माणसाकडून करून घेण्याची पद्धत चालते कशी, हे समजून घ्यायचं तर आधी तिथली व्यवस्था थोडी पाहावी लागेल.

अमेरिकेत मतदान घेणारी एकच देशव्यापी यंत्रणा नाही. मतदारयाद्या, मतपत्रिकांची छपाई, केंद्रं, यंत्रं, मोजणी ही सगळी कामं स्थानिक कार्यालयांकडे असतात. बहुतेक राज्यांत काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाकडे, तर न्यू हॅम्पशायर, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा राज्यांत त्याहून खालच्या पातळीवर, टाऊन किंवा टाऊनशिपकडे, म्हणजे गावाच्या पातळीवर. देशभरात अशी सुमारे १०,००० कार्यालयं आहेत. काही ठिकाणी एकच क्लार्क जन्ममृत्यूचे दाखले देते, कुत्र्यांचे परवाने देते आणि नोव्हेंबर आला की निवडणूकही घेते. दुसऱ्या टोकाला मॅरिकोपा, म्हणजे फिनिक्सची काउंटी. तिथे २०२० मध्ये सुमारे २६ लाख नोंदणीकृत मतदार होते. शिवाय या कार्यालयांचे प्रमुख बऱ्याच ठिकाणी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात.

काही बिनसलं की बाहेरच्या माणसाला बोलवा अशी मागणी होते, ती यातूनच. मागणी रास्त आहे. आपल्याच कार्यालयाची चौकशी आपणच करून 'सगळं ठीक आहे' म्हटलं, तर ऐकणार कोण? पण बाहेरचा म्हणून जो येतो तो कोणाच्या बाहेरचा, हे पाहायला लोक विसरतात. काउंटीच्या बाहेरचा माणूस एखाद्या पक्षाच्या अगदी आतला असू शकतो.

आणखी एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. 'ऑडिट' या एकाच नावाखाली तिथे अगदी वेगवेगळी कामं खपतात. निकाल बरोबर लागला का, हे पाहणं हे एक काम. कार्यालयाचा कारभार नीट चालतो का, म्हणजे रांगा का लागल्या, प्रिंटर का बंद पडले, मतपत्रिकांच्या पेट्या कुठून कुठे गेल्या याची नोंद आहे का, हे दुसरं. यंत्र आणि त्यातलं सॉफ्टवेअर तपासणं हे तिसरं. पहिल्या कामाला संख्याशास्त्र कळणारा माणूस लागतो, दुसऱ्याला निवडणुका घेण्यात आयुष्य घालवलेला, तिसऱ्याला प्रयोगशाळा. एकाच कंपनीनं तिन्ही कामं एका दमात करून द्यायचं कबूल केलं, तर तिथेच कान टवकारावेत.

पहिल्या कामासाठी खरं तर खासगी सल्लागाराची गरज फार थोड्या वेळा पडते. बहुतेक राज्यांनी मतमोजणीनंतरची तपासणी कायद्यातच बसवली आहे. त्यातली सगळ्यात भरवशाची पद्धत बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडली. यादृच्छिक पद्धतीनं काही मतपत्रिका निवडायच्या, डोळ्यांनी वाचायच्या आणि यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहायच्या. विजयाचं अंतर मोठं असेल तर थोड्या मतपत्रिकांत भागतं, अंतर कमी असेल तर जास्त तपासाव्या लागतात, आणि शंका फिटली नाही तर सगळ्या मोजायच्या. कोलोरॅडोनं २०१७ मध्ये ही पद्धत राज्यभर प्रथम राबवली. कोणत्या मतपत्रिका निवडायच्या हे ठरवणारा २० अंकी आकडा तिथे लोकांसमोर दहा पृष्ठांचे फासे टाकून काढतात. म्हणजे तो कोणालाच आधी ठाऊक नसतो. स्टार्क यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता न्यू हॅम्पशायरमधल्या विंडहॅम या गावाकडे वळू. बाहेरच्या ऑडिटरनं खरोखर काहीतरी शोधून काढलं, असं हे उदाहरण आहे आणि ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे राज्य विधानसभेच्या चार जागा होत्या. प्रत्येक मतदाराला जास्तीत जास्त चार उमेदवारांना मत देता येत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या एक उमेदवार चौथ्या जागेसाठी अवघ्या २४ मतांनी हरल्या, म्हणून त्यांनी फेरमोजणी मागितली. हातानं मोजल्यावर मागणाऱ्याच्याच अंगाशी आलं. त्यांची ९९ मतं कमी झाली आणि चारही रिपब्लिकन उमेदवारांची प्रत्येकी सुमारे ३०० वाढली. जिंकणारे तेच राहिले, पण सुमारे १०,००० मतपत्रिकांच्या गावात एवढा फरक पडतो कसा? पुढचे काही महिने या एका प्रश्नावर देशभर तर्ककुतर्क चालले. यंत्रं 'हॅक' झाली इथपासून ते फेरमोजणीच खोटी इथपर्यंत.

राज्यानं काय केलं, तर या एका गावापुरता कायदाच केला. ऑडिटर तीन असतील. एक गावचे निवडून आलेले कारभारी नेमतील, दुसरा राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुकांची जबाबदारी असलेले अधिकारी) आणि ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) मिळून नेमतील, आणि त्या दोघांनी मिळून तिसरा निवडायचा. काय तपासायचं तेही कायद्यात लिहिलेलं होतं. गावानं निवडणूक तपासणीचे अभ्यासक मार्क लिंडेमन यांना निवडलं, राज्यानं यंत्रांतल्या त्रुटी शोधण्यासाठी नावाजलेले हॅरी हर्स्टी यांना, आणि त्या दोघांनी फिलिप स्टार्क यांना. लिंडेमन यांनी ॲरिझोनातल्या प्रकारावर टीका करणाऱ्या पत्रावर सही केली होती, म्हणून गावातल्या बैठकीत त्यांच्या नावावरून मोठा गोंधळ झाला. गावानं नाव बदललं नाही. पण दुसरा माणूस दुसऱ्याच कोणीतरी नेमलेला होता, त्यामुळे एकट्या लिंडेमन यांच्या मताला वाजवीपेक्षा जास्त वजन मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

मे २०२१ मध्ये त्याच राज्यातल्या पेंब्रोकच्या एका प्रशिक्षण केंद्रात काम सुरू झालं. कॅमेरे लावले आणि सगळं इंटरनेटवर थेट दाखवलं. यंत्रं तीच, मतपत्रिका त्याच. यंत्रांतून पुन्हा मोजल्यावर फरक पुन्हा आला, मग शोध सोपा झाला. दोष मतपत्रिकांच्या घड्यांत होता.

कोविडमुळे त्या वर्षी टपाली मतपत्रिका खूप जास्त पाठवायच्या होत्या. हातानं घड्या घालत बसायला माणसं कुठली? गावानं घडी घालणारं एक यंत्र कुठूनतरी आणलं. मतपत्रिकेवर घडी कुठे पडावी याच्या रेघा ठरलेल्या असतात, त्या दोन लंबगोलांच्या मधल्या मोकळ्या जागेतून जातात. या यंत्राची घडी वेगळ्या जागी पडली. बऱ्याच मतपत्रिकांवर ती नेमकी त्या हरलेल्या उमेदवाराच्या लंबगोलावरून गेली. स्कॅनरला घडीची सावली भरलेल्या लंबगोलासारखी दिसली.

आता हिशेब लावून पाहा. ज्यानं चारही रिपब्लिकनांना मत दिलं होतं, त्याच्या मतपत्रिकेवर यंत्राला चार खुणा आणि एक घडी अशी पाच मतं दिसली. चारच्या वर मतं झाली की त्या लढतीतली सगळीच बाद, म्हणून चौघांचं प्रत्येकी एक मत गेलं. ज्यानं चारपेक्षा कमी खुणा केल्या होत्या, त्याच्या मतपत्रिकेवर घडीनं त्या बाईंना एक फुकटचं मत दिलं. चौघांचीही मतं सारखीच कमी आणि एकीची वाढलेली, हा चमत्कारिक आकृतिबंध घडीनं एका फटक्यात उलगडतो. ऑडिटरांनी घड्या घातलेल्या चाचणी मतपत्रिका यंत्रांत घालूनही पाहिलं. कट, हॅकिंग यातलं काही सापडलं नाही. पण 'सगळं ठीक होतं' असंही त्यांनी म्हटलं नाही, कारण ठीक नव्हतंच. जुनी यंत्रं आणि चुकीची घडी यांनी निवडणुकीच्या रात्रीचे आकडे बिघडवले होते. चांगल्या ऑडिटचं लक्षण मला विचाराल तर हेच सांगेन. त्याचा निष्कर्ष कोणत्याच बाजूला पुरतं समाधान देत नाही, आणि तो दुसऱ्या कोणालाही करून पाहता येतो.

आता पुन्हा ॲरिझोना. मॅरिकोपात २०२० नंतर एक नव्हे, अनेक तपासण्या झाल्या, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निवडणुकीनंतर लगेच कायद्यानुसार नमुन्याच्या मतपत्रिका हातानं मोजल्या गेल्या, त्या जुळल्या. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळानं, ज्यात रिपब्लिकनांचंच बहुमत होतं, प्रो व्ही अँड व्ही आणि एसएलआय कम्प्लायन्स या केंद्रमान्य प्रयोगशाळांकडून यंत्रं तपासून घेतली. त्यांना गैर काही आढळलं नाही. इथे टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. या प्रयोगशाळा एरवी यंत्र-उत्पादकांनीच फी भरून आणलेली यंत्रं तपासतात. आपण किंवा आपल्यासारख्यांनी पास केलेल्या यंत्रात दोष काढणं त्यांना अवघड जाईल, अशी शंका घेणारा माणूस वेडा ठरत नाही. काउंटीनं नेमलेला म्हणून सल्लागार आपोआप निःपक्ष होत नाही. कारभार तपासणारे सल्लागार तर बऱ्याचदा निवृत्त निवडणूक अधिकारीच असतात. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्यासोबत यांनी वर्षानुवर्षं परिषदांत चहा प्यायलेला असतो.

तरीही काउंटीचं कंत्राट आणि राज्य सेनेटनं, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, सायबर निंजाजला दिलेलं कंत्राट यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. सेनेटच्या अध्यक्ष कॅरन फॅन यांनी मार्च २०२१ च्या अखेरीस सायबर निंजाजशी करार केला. सरकारी तिजोरीतून ठरलेली रक्कम १,५०,००० डॉलर. २१ लाख मतपत्रिका हातानं मोजायच्या, छायाचित्रं काढायची, यंत्रं तपासायची आणि मतदारयाद्याही चाळायच्या, हे सगळं एवढ्यात होणार नाही, हे आकडे पाहिले की कळतं. मग बाकीचे पैसे? ते पुढे, जुलै महिन्यात जाहीर झाले. पराभूत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांनी चालवलेल्या संघटनांकडून ५७ लाख डॉलर आले होते. म्हणजे सरकारनं दिलेल्या रकमेच्या जवळजवळ ३८ पट. कंपनीच्या प्रमुखांनी निवडणुकीत घोटाळा झाल्याचे दावे नेमणुकीआधीच समाजमाध्यमांवर पुढे पाठवले होते.

ज्याचे पैसे त्याचं काम, हे सांगायला नको. पण पैशापेक्षाही कामाची व्याख्या जास्त घातक होती. काय सापडलं की काम संपलं, काय सापडलं नाही की मान्य करायचं, हे आधी ठरलेलंच नव्हतं. त्यामुळे पद्धत रोज बदलत गेली. मतपत्रिका अतिनील दिव्याखाली धरल्या गेल्या. कागदात बांबूचे धागे आहेत का हेही पाहिलं गेलं, कारण आशियातून ४०,००० खोट्या मतपत्रिका विमानानं आल्याची अफवा होती. मोजणीची पद्धत अशी, की गोल फिरत्या टेबलावर मतपत्रिका ठेवायची आणि ती समोरून सरकत असताना तिघांनी आपापल्या कागदावर नोंद करायची. राज्याच्या वतीनं तिथे हजर असलेल्या एका अनुभवी निरीक्षक बाईंनी पुढे लिहिलं, की तिघांपैकी दोघांचा आकडा जुळला आणि तिसऱ्याचा दोनपर्यंत चुकला, तरी गठ्ठा पुढे जात होता. गठ्ठ्यामागून गठ्ठे असे गेले तर चूक किती साचेल, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. मे महिन्यात तर क्रीडागृह शाळांच्या पदवीदान समारंभांसाठी आधीच ठरलेलं होतं, म्हणून मोजणी आठवडाभर थांबवून मतपत्रिका तिथून हलवाव्या लागल्या.

घरोघरी जाऊन मतदारांना 'तुम्ही मत दिलंत का' असं विचारायचंही ठरलं होतं. त्यावर केंद्रीय न्याय विभागानं ५ मे २०२१ ला पत्र लिहिलं. मतदारांना धमकावल्यासारखं होईल, शिवाय केंद्रीय निवडणुकीची कागदपत्रं २२ महिने सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, याची आठवण करून दिली. घरभेटींचा बेत मग बाजूला पडला.

२४ सप्टेंबर २०२१ ला निकाल आला. बायडन यांची ९९ मतं वाढली होती, ट्रम्प यांची २६१ घटली होती. साप म्हणून भुई धोपटली आणि शेवटी सापडलं ते आधीच्या निकालाला आणखी बळकटी देणारं. पण लक्षात घ्या, अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. हजारो मतं 'संशयास्पद' असल्याचे स्वतंत्र तक्ते त्यात होते, आणि भाषणांत, पत्रकांत फिरले ते तेच तक्ते. काउंटीनं जानेवारी २०२२ मध्ये ९३ पानांचं उत्तर देऊन एकेक मुद्दा खोडून काढला. एक ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभरपट वेळ ती खोडायला लागतो, हे तिथल्या कर्मचाऱ्यांइतकं कोणाला कळलं नसेल.

खर्चाचा भाग अजून बाकीच आहे. मतदानयंत्रं महिनोन्‌महिने बाहेरच्या लोकांच्या ताब्यात होती. त्यांच्याशी कोणी काय केलं याची खात्री देता येत नाही, म्हणून राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट केटी हॉब्स यांनी ती पुन्हा वापरू नका असं कळवलं. बदलायचा खर्च सुमारे २८ लाख डॉलर. पुढे सार्वजनिक नोंदी देत नाही म्हणून न्यायालयानं कंपनीला दिवसाला ५०,००० डॉलर दंड लावला, तेव्हा कंपनीनं गाशा गुंडाळला. पेनसिल्व्हेनियातल्या छोट्याशा फुल्टन काउंटीतही असंच झालं. तिथल्या अधिकाऱ्यांनी एका खासगी कंपनीला यंत्रं उघडून दाखवली आणि जुलै २०२१ मध्ये राज्यानं त्या यंत्रांची मान्यता काढून घेतली. यंत्राला बाहेरच्याचा हात लागला की ते तपासून पुन्हा 'स्वच्छ' ठरवायची सोपी वाट नाही. म्हणून ताब्याची नोंद एवढी महत्त्वाची. कोणत्या क्षणी कोणाच्या हातात काय होतं, सील कोणी तोडलं, पुन्हा कोणी लावलं, याची सलग, सहीनिशी नोंद. तिच्यात एका तासाची फट पडली तरी पुढचं सगळं ऑडिट लटकं पडतं.

ऑडिटर म्हणवणारा प्रत्येक जण सरकारनं नेमलेला असतो असंही नाही. मिशिगनमधल्या ॲन्ट्रिम काउंटीत निवडणुकीच्या रात्री रिपब्लिकन गडात बायडन आघाडीवर दिसले. कारण साधं होतं. काही टाऊनशिपच्या मतपत्रिकांत ऑक्टोबरमध्ये बदल झाला, पण सगळ्या यंत्रांची मेमरी कार्डं बदलली गेली नाहीत, त्यामुळे आकडे चुकीच्या रकान्यांत पडले. ते लगेच दुरुस्त झाले. पण एका खटल्यात फिर्यादीच्या बाजूनं आलेल्या खासगी कंपनीनं यंत्राच्या नोंदी पाहून '६८ टक्के त्रुटी' असा आकडा काढला. तो देशभर गाजला. प्रत्यक्षात तो एका टाऊनशिपच्या यंत्रानं लिहून ठेवलेल्या संदेशांचा आकडा होता, मतांचा नव्हता. यंत्र एरवीही असे संदेश लिहीत असतं. डिसेंबरमध्ये सगळ्या मतपत्रिका हातानं मोजल्या तेव्हा फरक निघाला निव्वळ १२ मतांचा. मिशिगन विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ जे. ॲलेक्स हाल्डरमन यांनी नंतर राज्यासाठी सविस्तर तपास केला. त्यांनीही क्लार्क कार्यालयाच्या चुका स्पष्ट दाखवल्या, यंत्रांतल्या कच्च्या जागाही सांगितल्या, आणि ६८ टक्क्यांचा दावा निराधार ठरवला.

आता कारभाराच्या ऑडिटबद्दल. बातम्यांत याला जागा कमी, पण सल्लागारांचा खरा उपयोग इथेच.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मॅरिकोपात पुन्हा घोळ झाला. मतदाराच्या हाती तिथल्या तिथे छापून दिलेल्या मतपत्रिका केंद्रावरचे स्कॅनर घेईनात. लोकांना मतपत्रिका 'डोअर ३' नावाच्या पेटीत टाकायला सांगितलं, त्या मध्यवर्ती ठिकाणी नेऊन मोजल्या. अशा सुमारे १७,००० झाल्या. पुन्हा कटाची चर्चा. या वेळी काउंटी ॲटर्नीनं, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलानं, राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त मुख्य न्यायाधीश रूथ मॅकग्रेगर यांना नेमलं आणि त्यांना एकच नेमका प्रश्न दिला : प्रिंटर का बिघडले?

त्यांनी प्रिंटर बाहेर काढले, तज्ज्ञ बोलावले, हजारो मतपत्रिका छापून पाहिल्या. एप्रिल २०२३ च्या अहवालातलं उत्तर रोमांचक अजिबात नाही. कागद जाड होता आणि मतपत्रिका २० इंच लांब होती. छोट्या प्रिंटरांत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि ते क्षमतेच्या कडेला पोचले. शाई कागदावर भाजून बसवणारा भाग पुरेसा तापत नव्हता, शाईचे पापुद्रे निघत होते, आणि स्कॅनरला कडेच्या खुणा वाचता येत नव्हत्या. मग आधीच्या चाचणीत हे कळलं कसं नाही? कारण चाचणीत प्रिंटरवर मतदानाच्या दिवसासारखा भार टाकलाच नव्हता. यातून काउंटीला काय करायचं ते कळलं : कागद हलका करा, मतपत्रिका आखूड करा किंवा प्रिंटर बदला, आणि चाचणी खऱ्या दिवसासारखी घ्या. मोजता येईल असा प्रश्न विचारला की असं हातात धरण्यासारखं उत्तर येतं.

विस्कॉन्सिनमध्ये हा फरक एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी दिसला. विधिमंडळाच्या निःपक्ष लेखापरीक्षण विभागानं ऑक्टोबर २०२१ मध्ये २०२० च्या निवडणुकीचा कारभार तपासून निवडणूक आयोगाला ३० शिफारशी केल्या. कोरड्या, क्रमांक घातलेल्या, अमलात आणता येतील अशा. त्याच सुमारास विधानसभेच्या सभापतींनी एका माजी न्यायमूर्तींना वेगळ्या चौकशीसाठी नेमलं होतं. अंदाजपत्रक ६,७६,००० डॉलरचं. खर्च १० लाखांच्या वर गेला, व्यापक घोटाळ्याचा पुरावा मिळाला नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सभापतींनीच त्यांना घरी पाठवलं. कारभारात काय सुधारायचं, हे मात्र पहिल्याच अहवालात सापडतं.

तर कंत्राट हाती आलं की काय पाहायचं? बहुतेक ठिकाणी ते सार्वजनिक असतं, मागितल्यावर मिळतं. नेमणारा कोण आणि निकालात त्याला काय हवं आहे, हे तर पाहायचंच. सगळे पैसे त्याच कंत्राटातून येतात की मागच्या दारानंही येतात, याचं उत्तर त्यात नसेल तर ते विचारायचं. पण माझी नजर सगळ्यात आधी जाते ती एका कंटाळवाण्या कलमाकडे : काम सुरू करण्याआधी पद्धत लिहून जाहीर करायची आहे का. ती आधी जाहीर असेल तर मधेच बांबू शोधता येत नाही. दुसरं, अहवाल छापण्याआधी कार्यालयाला उत्तर द्यायची संधी आहे का. सरकारी लेखापरीक्षणात ही प्रथा जुनीच आहे, आक्षेप आणि खुलासा एकाच अहवालात येतात. सायबर निंजाजच्या तक्त्यांतले बरेच आक्षेप काउंटीच्या एका कारकुनाला फोन केला असता तरी गळून पडले असते. मूळ मतपत्रिका कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांसमोरच हाताळायच्या आहेत का, कच्ची माहिती कोणाच्या मालकीची, काम कोणत्या तारखेला संपणार, हे त्याच्या जोडीला. निवडणूक ऑडिटरला देशपातळीवरचा परवाना लागत नाही. केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोग प्रयोगशाळांना मान्यता देतो, मतपत्रिका मोजायला येणाऱ्या कंपन्यांना नाही. त्यामुळे कंत्राटात जे लिहिलं नाही त्याला कोणी रोखणारा नाही.

सल्लागार तीक्ष्ण असला तरी त्याचं म्हणणं ऐकणं न ऐकणं दुसऱ्यांच्या हाती असतं, याचं उदाहरण जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीचं, म्हणजे अटलांटाचं. जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या) तिथे मतदार तासन्‌तास रांगेत उभे होते. राज्य निवडणूक मंडळाशी झालेल्या तडजोडीत ठरलं, की एक बाहेरचा निरीक्षक आत बसेल. कार्टर जोन्स हे सल्लागार नोव्हेंबरची आणि जानेवारीची निवडणूक मिळून अडीचशेहून जास्त तास तिथे होते. त्यांचा अहवाल दोन्ही बाजूंना बोचला. गलथानपणा आहे, व्यवस्थापन ढिसाळ आहे, मतपत्रिकांची ने-आण बेशिस्त आहे. आणि बेइमानी किंवा घोटाळा कुठेही दिसला नाही. ज्यांना घोटाळा हवा होता त्यांनी पहिला अर्धा भाग उचलला, ज्यांना 'सगळं उत्तम' हवं होतं त्यांनी दुसरा. पुढे राज्यानं नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीनंही काउंटी कार्यालय राज्याच्या ताब्यात घेण्याची गरज नाही, असंच २०२३ मध्ये सांगितलं.

२०२४ मध्ये पुन्हा निरीक्षक नेमायची वेळ आली तेव्हा भांडण निरीक्षणावरून झालंच नाही. ते हवं यावर एकमत होतं. काउंटीनं राज्याच्या निवडणूक विभागाच्या एका माजी प्रमुख वकिलासह काही अनुभवी माणसं आणि निवडणुकांचं निरीक्षण करणारी संस्था कार्टर सेंटर यांचं पथक निवडलं होतं. राज्य मंडळातल्या काही सदस्यांना मात्र आपल्या पसंतीची माणसं आत हवी होती. महिनोन्‌महिने पत्रापत्री चालली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी काउंटीनं निवडलेल्या पथकानंच निरीक्षण केलं आणि निवडणूक शिस्तीत पार पडल्याचं मत दिलं. मंडळातल्या त्या सदस्यांचा आक्षेप तेव्हाही पथकाच्या कामावर नव्हता, नेमणुकीवरच होता.